चोवीस गायी

कुठलाही आकडा विचारा, सर आधी चष्मा काढून खिशात टाकत. मग म्हणत, "आकडा नंतर. आधी फरक सांग." असं उलटं विचारणारा माणूस तुम्हालाही भेटला असेल. राग येतो बघा!

बारामतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर पिंपळीत चार गायी सांभाळत. मी एमआयडीसीत पशुखाद्याच्या कारखान्यात होते. नव्या खुराकानं दूध वाढतं का, ते मला तपासायचं होतं. आधीची चाचणी फसली होती. हीही फसली तर साहेब मला नारळ देणार, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

मी ऐटीत वही पुढे केली. "सहा गायी, सर. रोज दोन धारा, सात दिवस. चौऱ्याऐंशी मापं!"

"आन् गायी किती?"

"सहा."

"मग सहाच. एकाच माणसाला चौदा येळा नाव इचारलंस म्हणून चौदा माणसं व्हत न्हाईत."

मी वही मिटली.

त्यांनी मला डेअरीवर पिटाळलं. किती दूध वाढलं तर खुराक बदलाल, ते विचारायला. रांगेतल्या बायका हसल्या. "लिटरभर तरी वाढू दे की बाई!" तो आमचा फरक. मग एकाच गायीचं दूध रोज किती वर-खाली होतं, ते आठवडाभर मोजायला लावलं. मी वैतागले, ते खूश.

निम्म्या गायींना आधी जुना खुराक, निम्म्यांना नवा. मध्ये दोन आठवडे नुसता घरचा चारा, पहिल्याचा असर जाईपर्यंत. मग अदलाबदल. "गाय सोताशीच तोलायची, शेजारणीशी न्हाय. म्हणून थोडक्यात भागतं." गायींचा आकडा निघाला वीस. वर चार, मध्येच आटणाऱ्यांसाठी.

कारखान्यानं वीसच दिल्या. मी गयावया केली, "भागवू ना, सर."

"न्हाय. अर्धवट करून गायींना कशाला छळायचं?"

मला रडूच फुटलं. सर गोठ्याकडं बघत राहिले. "बरं, माझ्या चार लिही."

दुसरी फेरी चालू असताना सर अचानक गेले. तोवर कारखान्याच्या तीन गायी आटल्या होत्या. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या चार मनातून खोडल्या होत्या. निघताना सरांच्या पत्नीनं, काकूंनी, मापांची वही हातात दिली. एकही दिवस रिकामा नव्हता. पुढचीही मापं त्यांनीच लिहिली.

एकवीस गायी भरल्या. वाढ लिटरभर नाही, हे छातीठोक सांगता आलं. साहेब चरफडले, पण खोट काढता आली नाही. नोकरी टिकली.

हे काकूंना सांगायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "काकू, सर गेले त्या दिवशीचीसुद्धा दोन्ही मापं आहेत?"

"व्हय," काकू म्हणाल्या. "हे सांजच्याला इचारत्यात न्हवं, किती निघालं म्हणून."