बिनविरोध सतरा

आजऱ्याकडच्या एका काजूच्या कारखान्यात आई बिया फोडायला जायची. टरफलातल्या तेलानं तिच्या बोटांची कातडी काळी पडून सुटायची, म्हणून घरातल्या भाकऱ्या मी थापायचे. वडील ट्रकवर क्लीनर, महिन्यातून चार दिवस घरी. मला कॉलेजात घालायची वेळ आली तेव्हा चुलता म्हणाला, "पोरगी शिकून काय तहसीलदार हुणार हाय व्हय?"

आई म्हणाली, "न्हाई झाली तरी काजू फोडणार न्हाई."

राज्यशास्त्र घेऊन मी बीए झाले. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझा. हे मी जिथे तिथे सांगते, कारण सांगायला मला आवडतं.

लग्नानंतर दोहाला आले. नवरा एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढतो, आम्ही अल मुंतझात राहतो. बिन महमूदमधल्या एका लहान ऑफिसात मला डेटा एंट्रीचं काम मिळालं, सहा महिन्यांच्या करारावर. एका अमेरिकन गिऱ्हाइकाला तिकडच्या निवडणुकांच्या याद्या करून द्यायच्या होत्या: कुठल्या राज्यात गव्हर्नरला कोण उभं आहे, विधिमंडळाच्या कुठल्या जागेवर कोण. आमचे मॅनेजर केरळचे. ते म्हणाले, यादी नीट गेली तर तुम्हाला रिसर्चर करतो, नाहीतर सहा महिन्यांनी खलास. मला रिसर्चर व्हायचंच होतं. टायपिंग करायला राज्यशास्त्र कशाला लागतं?

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गव्हर्नर म्हंजे राज्यपाल नव्हं? त्याला कशाला मतं लागत्यात? त्यो तर वरनं येतोय."

"तिकडं लोक निवडतात, आई."

"मग मुख्यमंत्री काय करतोय?"

"मुख्यमंत्री नसतोच."

"आगं बया! मग चालतंय कसं?"

तेच तर मला कळत नव्हतं. पन्नास राज्यं आणि पन्नास तऱ्हा. कुठे अर्ज जानेवारीत संपतात, कुठे जूनमध्ये सुरू होतात. एका राज्यात सभागृह एकच. काही सरकारी साइट परदेशातून उघडतच नाहीत. एकाच जिल्ह्यात बाप आणि मुलगा एकाच नावाचे, दोघंही उभे, आणि फोटो कुणाचाच नाही. मी वैतागून घरी यायचे आणि जेवताना तेच बोलायचे. नवरा म्हणायचा, "अगं, आपल्याकडचा आमदार कोण ते तरी माहितीय का तुला?" माहीत होतं. त्याला नव्हतं.

तरीही यादी वेळेवर झाली. सतरा जागांवर अर्जाची मुदत संपली तेव्हा एकेकच नाव उरलं होतं. मी त्यांच्यापुढे लिहिलं, बिनविरोध विजयी. त्यात शंका घेण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. माझी चुलती अशीच सरपंच झाली. माघारीच्या दिवशी तीन वाजता एकच अर्ज राहिला आणि सव्वातीनला गुलाल. मतदान झालंच नाही.

यादी गेली. दोन दिवसांनी मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. गिऱ्हाइकाचा मेल समोर होता.

"मॅडम, ये सतरा लोग जीत गये? इलेक्शन तो नवंबर में है!"

"सर, सामने कोई है ही नहीं."

"वो तो पार्टी के अंदर का चुनाव है. दूसरी पार्टी का कैंडिडेट अभी आयेगा."

"लेकिन सर, आपने भी तो चेक किया था."

त्यांनी केबिनचं दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "किया था. मुझे भी ठीक लगा. हमारे पंचायत में भी ऐसा ही होता है."

केबिनमध्ये असं म्हणाले. गिऱ्हाइकाला पाठवलेल्या उत्तराच्या मेलमध्ये मात्र चूक एकट्या डेटा एंट्रीवालीची झाली. त्या मेलची मलाही कॉपी होती, हे विशेष! वर मला बजावलं, दहा दिवसांत पूर्ण यादी दुरुस्त करा, नाहीतर करार पुढे नाही.

मग मी फोन लावायला बसले. दोह्यात दुपारचे चार वाजले की तिकडच्या पूर्वेकडच्या राज्यांतली निवडणूक ऑफिसं उघडतात. एका ऑफिसातल्या बाईंनी मला तीनदा विचारलं, "कुठून बोलताय?" कतार कुठे आहे ते सांगण्यात पाच मिनिटं गेली. वर त्यांनी शांतपणे सांगितलं, दोन्ही पक्षांची मुदत संपली तरी आमच्याकडे काही ठरत नाही. मतदार मतपत्रिकेवर स्वतःच्या हातानं तिसऱ्याचंच नाव लिहू शकतो. हातानं! मी डोकं धरून बसले.

"यल्ला, घरी चल," नवरा खालून फोन करायचा, गाडीत बसून. मी म्हणायचे, "तुम्ही जा, भात लावा. मला अजून दोन राज्यं आहेत."

सतराही जागांचे फोन मीच केले. पाच ठिकाणी तोवर समोर उमेदवार उभा राहिला होता. मग उरलेली यादीही एकेक नाव करून परत पाहिली आणि प्रत्येक जागेपुढे एक नवा रकाना टाकला: इथे अजून काय बाकी आहे. तो कुणी सांगितला नव्हता. दहाव्या दिवशी यादी पाठवली, या वेळी मॅनेजरना न दाखवता, त्यांना फक्त कॉपी करून.

नोव्हेंबरात निकाल लागले. आमच्या यादीत एकही नाव चुकलं नव्हतं. डिसेंबरात मला नवा करार मिळाला, त्यावर पद रिसर्चर.