घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

गीतांजली मॅडमना कौतुक पचत नसे. त्याला कारण त्यांची आई. मनकर्णाबाईंनी अकोल्याच्या बाजारात भाजी विकून पोरीला डॉक्टर केलं आणि एक अक्कल पदरात बांधून दिली: "ज्या गिऱ्हाइकानं घासाघीस न करता वांगे घेतले, ते परत येत नाई, बाई."

अमरावतीच्या एका मेडिकल कॉलेजात मॅडम शरीररचना शिकवत. हाताच्या नसा शिकवणारं अ‍ॅप त्यांनी मोठ्या खटपटीनं बनवलं होतं. बोट लावलं की हात फिरे, कातडी बाजूला होई, नसेचं नाव उमटे. मुलं सांगतील तशी दुरुस्ती करायची, मगच ते सगळ्या वर्गांना द्यायचं, असं ठरलं. अ‍ॅपमध्येच बिननावाचे अभिप्राय मागवले, तर झाडून सगळ्यांनी लिहिलं, 'छान'. लग्नाच्या पंगतीत वरणाला मीठ कमी पडलं तर वाढप्याला तोंडावर सांगणारी ही वऱ्हाडातली पोरं, आणि इथं नुसतं छान? मॅडमच्या मनात पाल चुकचुकली.

तोंडी परीक्षेला भातकुली गावची पौर्णिमा आली. वर्गात तोंड न उघडणाऱ्या या मुलीनं उत्तरं फाडफाड दिली. मॅडमना इथंही संशय आला. तेवढ्यात एप्रनच्या बाहीतून निळी शाई डोकावली.

"बाही वर कर."

मनगटापासून वरपर्यंत पेनानं काढलेल्या नसा, नावांसकट. कॉपी ठरली तर पोरीचं वर्ष जाणार होतं. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि रागावल्या की त्यांची वऱ्हाडी बाहेर येई. "कॉपी करून राहिली?"

पौर्णिमाचा चेहरा उतरला, पण तिनं हात वळवून दाखवला. रेघ दंडाच्या मागून काखेकडे गेली होती. "आरतीनं काढलं, मॅडम. मागचं मले कसं दिसन? रूमवर आमी रोज एकमेकींच्या हातावर काढतो. चुकलं की चिमटा. शाई घासली, तरी निघत नाई."

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. कोपरापाशी आरतीची रेघ साफ चुकली होती. पौर्णिमाचं उत्तर मात्र बरोबर होतं.

"मंग माह्या अ‍ॅपले छान काहून लिवलं?"

"मार्क तुमच्या हातात, मॅडम. अन् नाव नसलं तरी लॉगिन आमाले रोल नंबरानंच करा लागते."

एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही, याची मॅडमना लाज वाटली. संशय घ्यायचा हक्क पोरांचा होता, आणि घेत होत्या त्या.

"आता खरं सांग. काय खटकते?"

पौर्णिमानं टेबलावरच्या गुणपत्रिकेकडे पाहिलं. "आधी मार्क टाका. मंग सांगतो."

मॅडमना हसू आलं. मनकर्णाबाईंच्या लेकीला घासाघीस करणारं गिऱ्हाईक ओळखू येणार नाही होय? त्यांनी मार्क टाकले, सही केली आणि कागद तिच्यादेखत पाकिटात घालून चिकटवला.

पौर्णिमानं खुर्ची पुढं ओढली. "पयली गोष्ट म्हणजे, मॅडम, तुमचं अ‍ॅप नाव आपणच सांगून टाकते. आमाले चुकूच देत नाई."