आल्याचा हॉर्न

आरटीओच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी माझे कागद उलटेपालटे करून पाहिले आणि चष्मा वर सरकवत विचारलं, "तुम्ही कुठल्या म्हणायच्या?"

"बेंबळीची," मी म्हणाले.

"पासपोर्ट तर न्यूझीलंडचा दिसतोय."

"पासपोर्ट तिकडचा आहे, मी इकडची आहे."

बाईंना हसू आलं, पण हसून भागणार नव्हतं. परदेशी नागरिक म्हटल्यावर राहण्याचा पुरावा वेगळा लागतो, साहेबांना विचारावं लागेल, उद्या या, असं त्यांनी सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या धाराशिवात मी कॉलेजला रोज एसटीनं लटकत आले, तिथं मी परदेशी! पण त्या बाईंचं तरी काय चुकलं? लग्न करून तिकडं गेले तेव्हा तिथल्या खिडकीतल्या बाईनंही मला हेच विचारलं होतं. तेव्हा राग आला नव्हता, कारण तिथं मी खरंच परकी होते. बाहेर येऊन रसवंतीवर बसले आणि रस न पिताच उठले.

लायसन्स मला हौसेखातर नको होतं, आईसाठी हवं होतं. नवरा तिकडंच वारला. मूलबाळ नव्हतं. त्याच्यामागं त्या घरात एकटीनं काही वर्षं काढली आणि मग बाडबिस्तरा आवरून इकडं आले. बेंबळीत भावाच्या घरी खोल्या दोनच, माणसं भरपूर. त्यानं राहा म्हणायला कमी केलं नाही, पण भावजय माझ्यासाठी रोज पाहुण्यांचा कप काढायला लागली तेव्हा मी काय ते समजले. धाराशिवात वरच्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला. म्हटलं, आईला आपल्याजवळ आणू. दोघी राहू.

आई बेंबळीतच होती. काचबिंदूनं तिची नजर गेलेली, गुडघे धरलेले. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. आणि भाड्याची गाडी करू म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं.

"भाड्याच्या गाडीत म्या बसायची न्हाय. आण्णांच्या जीपशिवाय कशात बसले न्हाय आजवर. तुजी गाडी घिऊन ये, मग येते."

आण्णा म्हणजे माझे वडील. बेंबळी ते धाराशिव काळीपिवळी जीप चालवायचे.

भाऊ मधेच बोलला. "ताई, तू दोन महिन्यांत कंटाळून परत जाशील. मग आईला आणून सोडायचं कुणी?"

"जाणार नाही."

"बघू. तुझ्या गाडीनं न्यायला आलीस तर पाठवतो, मग तर झालं?"

म्हणजे सगळं त्या लायसन्सवर येऊन थांबलं. मी एक जुनी छोटी गाडी घेऊन ठेवली. ती इमारतीखाली धूळ खात उभी राहिली आणि मी वर. फ्लॅटमध्ये येऊन तीन महिने होत आले तरी शेजारच्या दाराला मी फक्त दुधाची पिशवी लटकलेली बघत होते, माणूस नाही. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा यायचा. टीव्ही मोठ्यानं लावून ठेवायची आणि बघायची मात्र नाही. कधी कधी संध्याकाळी खाली जाऊन गाडीत बसायची. स्टिअरिंगवर हात ठेवून, चावी न लावता. लायसन्स नाही तर चालवायची नाही, हे तिकडचं वळण अंगात मुरलेलं. लई रडू यायचं तिथं, खोटं कशाला सांगू.

आठवडाभर हेलपाटे घातल्यावर कागद एकदाचे मान्य झाले. शिकाऊ लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर होती. गाडी चालवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळं मी तोऱ्यात बसले. प्रश्न आला, समोरचं न दिसणाऱ्या वळणावर तुम्ही काय कराल? मी उत्तर दिलं, गाडी हळू करीन. चूक! बरोबर उत्तर होतं, हॉर्न वाजवून सावकाश पुढं जाईन. पास झाले, पण तो एक प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तिकडं मी पहिल्यांदा नापास झाले होते ते ह्याच गोष्टीपायी.

आण्णांच्या शेजारी बसून मी गाडी शिकले होते. त्यांची शिकवण एकच, हॉर्न म्हणजे बोलणं. म्हशीला हटवायला एक, ओळखीच्याला राम राम करायला एक, वळणाला एक. आणि गावाच्या वळणावर, लिंबाखाली, एक लांब आणि एक आखूड. तो घरच्यांसाठी. तो वाजला की आई चुलीवर चहा टाकायची. गावात प्रत्येक गाडीवाल्याची आपली रीत होती आणि प्रत्येक घराला आपला हॉर्न ओळखू यायचा. हीच विद्या घेऊन मी न्यूझीलंडच्या परीक्षेला बसले. एका शांत गल्लीच्या वळणावर जोरात हॉर्न दिला. झाडांना पाणी घालणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हातातली नळी गळून पडली. परीक्षक घाबराघुबरा झाला. "तुम्ही त्या गृहस्थांवर रागावलात का?" त्यानं विचारलं.

"नाही, मी येतेय एवढं सांगितलं," मी म्हणाले.

त्यानं मला नापास केलं. पुढच्या खेपेला पास झाले, आणि त्यानंतर तिकडं असेपर्यंत हॉर्नला हात लावला नाही. तिकडं हॉर्न म्हणजे शिवी. घरी पोचल्यावर बटण दाबलं की गॅरेजचं दार आपोआप वर जायचं, गाडी आत गेली की आपोआप खाली यायचं. नवरा गेल्यावर तर त्या दाराचा आवाज तेवढा घरात व्हायचा.

पक्क्या लायसन्सआधी इथल्या रस्त्यांची सवय व्हावी म्हणून मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर जायला लागले. शिकवणारा माणूस तिखट तोंडाचा. बाजारातून गाडी काढताना तो कपाळाला हात लावायचा.

"मॅडम, गाडी चोरून न्यायलाव काय?"

"का? काय झालं?"

"मुक्यानं चाललाव म्हणून इचारलं. वाजवा की! लोकांस्नी कळू द्या, कोण यायलंय ते."

"समोर कुणी मधे आलं तर वाजवीन."

"मधे आल्यावर वाजवून काय करता? तवर त्यो दवाखान्यात!"

मी हसायची, पण हात काही हॉर्नवर जायचा नाही. बोट तिथवर न्यायचं आणि मागं घ्यायचं. ट्रॅकवरची परीक्षा मात्र झकास झाली. आठाचा आकडा काढला, गाडी मागं घेतली, साहेबांनी मान हलवली. पुढं काही दिवसांनी लायसन्स पोस्टानं आलं. त्यावर माझा फोटो आणि खाली पत्ता, धाराशिव. मी तो पत्ता मोठ्यानं वाचला. ऐकायला कुणी नव्हतं.

आईला फोन केला. "उद्या येते तुला न्यायला."

"खरंच?"

"खरंच. लायसन्स आलंय."

"मग लिंबाखाली वाजव. म्या तयार ऱ्हाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. दोन्ही बाजूंना सोयाबीन कापणीला आलेलं, ट्रॅक्टर, मोटरसायकली, रस्त्यातच उभी राहून गप्पा मारणारी माणसं. सगळ्यांच्या मागं मी मुकाट थांबत थांबत गेले. लिंबाचं वळण आलं आणि मागं पडलं. सवय काय करते बघा, माझ्या ध्यानातच आलं नाही. घरासमोर गाडी उभी केली, उतरले.

आई ओट्यावर बसली होती. ठेवणीतलं इरकल नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन, तोंड रस्त्याकडं. माझी पावलं ऐकून तिनं हात हलवला.

"कोण हाय? जरा बाजूला व्हा, गलका करू नका. माजी लेक यायलीय. हारन ऐकू यायला पायजे."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. दारातून भावजय काही बोलणार, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. परत गाडीत बसले, मागं मागं घेत लिंबाखाली गेले आणि वाजवला. एक लांब, एक आखूड.

पुन्हा घरापुढं आले तर आई उठून उभी. "आली बगा," ती म्हणत होती, आणि आत वळून, "चहा टाक गं, लवकर टाक!" गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत फिरवत ती माझ्यापर्यंत आली. माझं तोंड तिनं दोन्ही हातांनी चाचपलं. भाऊ शेतातून आला होता. चहा झाल्यावर त्यानं गाठोडं उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि आईला धरून पुढं बसवलं.

बराच रस्ता सरल्यावर आईनं विचारलं, "तिकडं बी असंच वाजवायचीस?"

"नाही. तिकडं वाजवत नाहीत."

"बया! मग तू घरी आल्याचं कळायचं कसं?"

"कुणाला?"

"घरच्यास्नी."

"घरात कोण होतं, आई?"

चाचपत तिनं माझा गिअरवरचा हात शोधला आणि धाराशिव येईपर्यंत त्यावर आपला हात ठेवून बसली. गिअर बदलताना दोघींचे हात बरोबर हलत होते.

इमारतीखाली गाडी थांबवली. मी चावी काढणार, तर आई म्हणाली, "वाजव."

"वर कुणी नाही गं. घराला कुलूप आहे."

"वाजव म्हणते ना."

मी वाजवला. एक लांब, एक आखूड. भर दुपारची वेळ. वरच्या मजल्यावरची, माझ्या शेजारची खिडकी उघडली. दुधाच्या पिशवीची मालकीण मी पहिल्यांदाच बघत होते. ओल्या हातानं गज धरून तिनं खाली वाकून विचारलं, "कोण पाहिजे?"

आईनं गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आवाजाच्या दिशेनं तोंड वर केलं.

"कुणी नगं, माय. आमी घरी आलोय, तेवढं सांगितलं."