घड्याळ घेतलं, पायदांडी सोडली

विमानापायी माझ्या धाकट्या भावाला मी पहिली मुस्काडात मारली ती नगरच्या भंगारबाजारात, चार माणसांच्या देखत. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. एरवीच्या थपडा मी कधी मोजल्या नाहीत, त्यानेही नसाव्यात.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. तिसगावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वडील गेलेले, त्यामुळे घरातला शहाणा मीच. भावाला वैमानिक व्हायचं होतं. लेखी परीक्षा तो पास झाला आणि पुढच्या परीक्षेचं बोलावणं आलं. तिथे म्हणे खोट्या विमानात बसवतात. खुर्ची, हातात दांडा, पायाशी आडवी पायदांडी आणि समोर पळणारा एक दिवा. हातापायांनी तो दिवा जागेवर धरला तर पास. नाही धरला तर घरी, आणि जन्मात पुन्हा त्या खुर्चीत बसू देत नाहीत. तीन महिने हातात होते. "तसलं इमान आपुनच बनवू की," मी म्हणालो.

भंगारबाजारात लष्कराच्या लिलावातला माल यायचा. एका म्हाताऱ्या भंगारवाल्याकडे विमानाच्या दोन वस्तू निघाल्या. एक उंची दाखवणारं घड्याळ, काळी तबकडी, पांढरे काटे, काच शाबूत. दुसरी खरीखुरी पायदांडी, गंजून लाल झालेली. पैसे एकाच वस्तूपुरते होते.

"दादा, पायदांडी घिऊ," भाऊ म्हणाला. "घड्याळ नुस्तं बगायला."

"पोरगं बरोबर बोलतंय," भंगारवाला म्हणाला. "विमान पायानं वळतं. उजवा पाय दाबला की उजवीकडं."

माझं डोकंच फिरलं. सायकलीत हात काळे करून हाडं झिजवलेला माणूस मी, आणि मला दांडी कशी वळते ते हे शिकवणार? सायकलच्या हँडलची उजवी मूठ पुढे ढकलून बघा, चाक डावीकडेच वळतं. विमान काय आभाळातून वेगळं पडलंय? भाऊ पुन्हा "पन दादा" म्हणाला आणि मी लगावली. घड्याळ घेतलं. येताना एसटीत ते माझ्या मांडीवर होतं आणि तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

चाऱ्यावाचून मरायला नकोत म्हणून बैल आम्ही कोपरगावकडे मामाच्या उसाच्या रानात धाडले होते. रिकाम्या गोठ्यात मी विमान उभं केलं. लाकडी खुर्ची, पुढ्यात दांडा आणि पायाशी जुन्या सायकलचं हँडल. त्याला दोऱ्या बांधून समोरची पांढरी फळी फिरती केली. उजवा पाय दाबला की फळी डावीकडे, डावा दाबला की उजवीकडे. घड्याळ मधोमध ठोकलं. त्याचा काटा कधी हलला नाही, कारण गोठा काही वर चढत नव्हता.

मी लिंबाचा ओला फोक घेऊन शेजारी उभा राहायचो आणि ओरडायचो, "उजवीकडं!" तो उजवा पाय दाबायचा. फळी डावीकडे जायची आणि फोक त्याच्या नडगीवर बसायचा. "डावा दाब, गाढवा, डावा!" रोज सकाळी असं चालायचं. नडग्या फुटल्या, सुजल्या. आई त्यावर हळद-तेल लावायची आणि मी त्यावरच पुन्हा मारायचो.

एकदा तो उठला आणि त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. पुढचा दात हलला माझा. मग मात्र मी सायकलची साखळी घेतली आणि तो शेणकुटाच्या ढिगावर पडेपर्यंत त्याच्या पाठीवर ओढली. आई मध्ये पडली म्हणून थांबलो.

"अति शहाना त्याचा बैल रिकामा म्हंत्यात," ती म्हणाली, "तुजा तर गोठाच रिकामा झालाय. आता पोराचा जीव घेशील तवाच गप बसशील."

मी त्याच्या भल्यासाठी मारतोय असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आणि मारताना बरं वाटायचं, हेही खरं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांनी त्याच्या पायांना वळण लागलं. मी "उ" म्हणायच्या आत डावा पाय दाबला जायचा. त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले.

तो परीक्षेला गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. घरात न जाता पिशवीसकट गोठ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला. आईने मला दुकानातून बोलावून आणलं.

"काय झालं?"

"तितं उजवा दाबला की उजवीकडंच जातंय, दादा. भंगारवाला म्हनला हुता तसंच." त्याचा आवाज चढला नव्हता, हे मला जास्त लागलं. "मला लगीच कळलं. उजवा दाब, उजवा दाब, आसं मनात लई म्हनलो. पन पाय डावाच जायचा."

आयुष्यात पहिल्यांदा राग माझा मलाच आला होता आणि तो कुठे काढावा ते समजेना. कोपऱ्यात घण पडला होता. तो मी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. त्या विमानाचा, त्या घड्याळाचा भुगा करायचा होता मला.

भावाने डोकं झाकलं नाही की तो उठून पळाला नाही. त्याने माझे हात वर गेलेले पाहिले आणि त्याचा डावा पाय खाडकन दांडीवर बसला. फळी उजवीकडे वळली, मी शिकवली होती तशी.

"चुकलं का, दादा?" त्याने विचारलं.