बघण्याचा कार्यक्रम आणि पाखराचं नाक

आता कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही! मुलगी बघायला जाताना लोक पेढे नेतात, नारळ नेतात. मी काय नेलं माहीत आहे? पाखराचं नाक!

हसू नका, माझं पोट त्याच्यावर चालतं. मी संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत काम करतो. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडते ना, तिचं एक पाखरू असतं. त्यातला नर लांबूनसुद्धा मादीचा वास ओळखतो, कारण त्याच्या मिशांमध्ये वास पकडणारं एक खास प्रथिन असतं. ते प्रथिन आम्ही प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये तयार केलं आणि त्या पेशी एका डबीत बसवल्या. मादीचा वास आला की डबी वाजते. म्हणजे अळी पडायच्या आधीच शेतकऱ्याला खबर!

पाखरांच्या बायका शोधून देणारा मी, स्वतः मात्र पस्तिशीला टेकलो तरी बिनलग्नाचा. शेवटी आमचे बदनापूरचे मामा सरसावले.

"भाच्या, मंठ्याकडं एक स्थळ हाय. पोरगी शाळेत विज्ञान शिकवती. तुझं ते मशीन बी घे संगं. कळू दे लोकांना, पोरगा काय करून राह्यला ते!"

घेतलं. अक्कल तेवढी घरी राहिली.

दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मुलीचे वडील, सगळे त्यांना आण्णा म्हणत, मोठा उमदा माणूस. पाणी प्यायच्या आधीच त्यांनी आम्हाला बैठकीला लागून असलेल्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत पार छतापर्यंत कापूस!

"बघा पाव्हणे, बिलकुल अळी न्हाई. सगळं गाव मलाच इचारून राह्यलं, कसं जमवलं म्हणून."

"मंग होऊन जाऊ द्या मशीन!" मामांना कुठला दम निघतो?

मी ऐटीत डबी काढली, बटण दाबलं. टीं! टीं! टीं!

"हे काहून वाजून राह्यलं?" आण्णांचा चेहरा उतरला.

शहाण्या माणसानं काय सांगितलं असतं? बॅटरी गेली, नाहीतर बटण अडकलं. पण मी पडलो शास्त्रज्ञ! म्हणालो, "मशीनला मादीचा वास लागलाय. इथं बोंडअळीचं पाखरू आहे."

मामांनी मांडीला चिमटा काढला. मला वाटलं, शाबासकी देतायत.

"मशीन बिघडलं असंल तुमचं," आण्णा जरा कडकच बोलले.

"आमचं मशीन चुकत नाही!"

असं मी म्हणालो. होणाऱ्या सासऱ्याला. चहाच्या आधी!

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन वैशाली आली. खरं सांगू? बघताक्षणी आवडली हो मला! तिनं डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. बस्स, लग्न करीन तर हिच्याशीच, असं वाटून गेलं. प्लेट घ्यायला मी पुढे वाकलो, आणि समोर टेबलावर ठेवलेली डबी बोंबलायलाच लागली. टींटींटींटीं!

दारातून मुलीची आत्या कडाडली, "अगं बया! आमच्या पोरीला बी कीड लागली म्हंता का काय?"

"नाही हो आत्याबाई, तसं नाही," मी घाईघाईनं म्हणालो, "हे मशीन फक्त मादी ओळखतं."

मादी! हा शब्द ऐकून आत्याबाईंनी पदरच खोचला. आण्णा उठून उभे राहिले. "मामा, चहा घ्या अन् निघा जल्दी. अंधार पडायलाय." मामा चहा न घेताच चपला शोधायला लागले. आवडलेली मुलगी समोर उभी, आणि तिच्या बापाचा कापूस नि तिला स्वतःला मी एकाच दमात किडकं ठरवलेलं!

"आण्णा, थांबा जरा," वैशाली म्हणाली. तिनं डबी उचलली आणि कापसाच्या खोलीत नेऊन ठेवली.

"वाजली का?"

"न्हाई," सगळे म्हणाले.

आत्याबाईंजवळ नेली. गप्प. मामांजवळ नेली. गप्प. मग माझ्यापुढे आली आणि डबी गुडघ्यापासून कॉलरपर्यंत फिरवली. जसजशी वर, तसतशी किंचाळायला लागली!

"मशीन तपासायला मादीच्या वासाच्या रबरी गोळ्या लागत असतील ना, आम्ही रानात सापळ्यात लावतो तसल्या? त्या कुठं ठेवल्या व्हत्या तुम्ही?"

"बॅगेत."

"अन् हा नवा शर्ट?"

शर्ट चुरगळू नये म्हणून त्याच बॅगेत, बरोबर गोळ्यांवर अंथरून ठेवला होता. माणसाला तो वास येत नाही, म्हणून मला पत्ताच नाही. पीएच.डी. केलीय हो मी!

तोवर ओसरीवरचा दिवा लागला होता. थंडीत ही पाखरं लवकर उडतात. एक बारकं, मातकट पाखरू दारातून भिरभिरत आत आलं आणि माझ्या कॉलरवर बसलं. मागून दुसरं. मग खिशावर तिसरं, पंख थरथरवत. बघता बघता छातीवर जागा उरली नाही.

"आपल्या रानातले न्हाईत हे," आण्णा तातडीनं म्हणाले. "शेजारच्या रानातून आलेत."

"कुठले का असनात, नर हायेत सगळे," वैशाली म्हणाली. आणि मग तिला हसू आवरेना. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मामा तर खांबाला धरून हसत होते.

आण्णांनी डोळे पुसले. "बोल पोरी, काय कळवायचं पाव्हण्यांना?"

"मला पसंत हायेत," ती म्हणाली. "पण माझ्याआधी एवढी स्थळं आलीत यांना. त्यातलं कोणतं आवडलं का, ते इचारा आधी!"

सगळं घर पुन्हा खदखदलं. आणि नवरदेव म्हणून गेलेला मी, शर्टावर तेवढे नवरदेव घेऊन, मान खाली घालून, कानापर्यंत लाल होऊन बसलो होतो. अगदी दाखवायला आणलेल्या मुलीसारखा!