सातवं घर

पेटी शिकवायला माणूस ठेवायचा, तर चित्रकलेचा मास्तर कशाला? पाणी कुठेतरी मुरतंय, हे मी पहिल्याच रविवारी ओळखलं.

आम्ही तेव्हा मुलुंडला चाळीत राहायचो. धाकट्या बहिणीला मंगळ होता, तोही सातव्या घरात, म्हणजे थेट लग्नाच्याच घरात. पत्रिका बघून चार स्थळं परत गेली. पोरगी पार मिटली, म्हणून वडिलांनी तिला गाणं लावून दिलं. मास्तर घाटकोपरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. चाळिशीचे, बिनलग्नाचे, बोटं कायम रंगलेली. दारूबंदीचे दिवस, चहा देताना मी मुद्दाम जवळ जाऊन वास घेतला. नुसता टर्पेंटाइनचा आला. तरी माझं समाधान होईना.

मास्तर म्हणायचे, “पेटीवर सा ते नी पट्ट्या बारा, रंगचक्रात रंग बारा, आकाशात राशी बारा. हे काय उगीच असेल?”

“डझनात केळीही बाराच येतात, मास्तर,” मी म्हटलं. बहीण खुदकन हसली. मास्तरही हसले, ते मला जास्त खटकलं.

एकदा शिकवणी संपता संपता दिवस मावळला. मास्तरांनी तिला गॅलरीतून एक तांबूस ठिपका दाखवला. “तो बघ, तुझा मंगळ.” ज्याच्यापायी चार स्थळं गेली, त्याला तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

“ताई, अगं, किती छान आहे गं!” ती म्हणाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पुढच्याच आठवड्यात पेटी पुसताना घडी घातलेला कागद सापडला. तिची कुंडली, बारा घरं बारा रंगांत रंगवलेली, सातवं लालभडक. खाली मास्तरांचं अक्षर: ‘सातव्या घरात थांबायला भिऊ नकोस. संध्याकाळ तिथेच होते.’

आणि आमच्या चाळीत सात नंबरची खोली महिनाभर रिकामी होती!

मी कागद वडिलांना दाखवला. रविवारी मास्तर जिना चढताहेत तोच मी तो त्यांच्यापुढे धरला आणि सगळी चाळ ऐकेल असं बोलले. मास्तरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, वडिलांकडे पाहिलं, आणि तसेच उतरून गेले.

बहीण रडली नाही. तिनं पेटी उघडली, सा पासून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळीनं दाबल्या. एक, दोन, तीन, मोठ्यानं मोजत. सातवीवर बोट ठेवून थांबली.

“तीव्र मध्यम. संध्याकाळच्या रागांतला स्वर. मी इथे घाबरून पुढे पळते, म्हणून लिहून दिलं होतं त्यांनी.” मग तिनं भाता लावून टाकला.

मी घाटकोपरला माफी मागायला गेले नाही. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर माज होता.

पुढे मंगळाचाच मुलगा मिळाला, तिचं लग्न झालं. पेटी माहेरीच राहिली. कितीतरी वर्षांनी मी विषय काढला, “अगं, माझा त्यांच्याबद्दल वाईट ग्रह झाला, चुकलंच माझं. पण तू गाणं का सोडलंस?”

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ग्रह तुझा झाला, ताई. भोगला मी.”