सिंगापुरातली फुकटची पाकिटं

आता हे तुम्हाला सांगावं की नको, कळत नाही. पण चहा मागवलाच आहे, तर ऐका.

मी डोंबिवलीचा, वय तेहतीस, लग्न काही जमेना. पाठीवर सॅक टाकून एकटाच सिंगापूर बघायला निघालो, तर आईने तिथेही स्थळ शोधून काढलं! मुलगी ठाण्यातल्या टेंभी नाक्याची, नाव मृणाल, नोकरीला सिंगापुरात. "हे शेवटचं चांगलं स्थळ आहे, माणसासारखा वाग," एवढं आईने बजावलेलं.

शहर बघून मी आधीच गार पडलेलो. गाडी येत नसली तरी लोक सिग्नलला थांबतात, बोला! मी सवयीने मध्ये घुसलो, तर एका म्हातारीने असं बघितलं की मी आपला परत मागे.

मृणालने दुपारी एका मोठ्या फूड सेंटरमध्ये जेवायला बोलावलेलं. मी पोहोचलो तर स्टॉलपुढे ही गर्दी, आणि टेबलं मात्र रिकामी! प्रत्येकावर टिश्यूचं एकेक कोरं पाकीट. म्हटलं, काय सरकार आहे! तोंड पुसायलाही फुकट देतंय. आमच्या मानपाड्याला ठेवली असती तर पाकिटांबरोबर टेबलंही गेली असती.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी जाता जाता या टेबलावरचं उचललं, त्या टेबलावरचं उचललं. आईला एक, मावशीला एक, शेजारच्या काकूंना एक. सॅकचा कप्पा टम्म फुगला. मग पंख्याखालचं झकास टेबल दिसलं. तिथलं पाकीट खिशात घातलं, मधोमध माझा रुमाल टाकला आणि हात धुवायला गेलो.

परत येतो तर हा गोंधळ! हातात ट्रे घेतलेली माणसं टेबलांखाली वाकून काहीतरी शोधतायत. दोन बायकांची एका टेबलावरून जुंपलेली. एक आजोबा गरम सूप धरून घामाघूम उभे. मला दया आली. सॅकमधून एक पाकीट काढून त्यांना दिलं. त्यावर मांजराचं स्टिकर होतं. तसंच स्टिकर त्यांच्या मोबाइलवरही होतं. ते एकदा पाकिटाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात मृणाल दोन ताटं घेऊन आली आणि पंख्याखालच्या टेबलाशी थबकली.

"हे टेबल मी धरलेलं. इथलं माझं टिश्यूचं पाकीट कुठे गेलं?"

मी खिशातून काढून दिलं.

"अहो, इकडे अशीच जागा धरतात," ती हळूच म्हणाली. "आणि हा रुमाल कोणाचा?"

"माझा."

"कशाला टाकलात?"

"जागा धरायला," मी म्हणालो, आणि म्हणतानाच माझं मला ऐकू आलं.

मग काय, टेबलाटेबलाशी जाऊन सॉरी म्हणत पाकिटं परत केली. मृणाल मागे उभी राहून पोट धरून हसत होती. जेवण गार झालं. मी आईला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागलो.

पण होकार आला! का, ते मी अजून विचारलेलं नाही.

लग्न ठाण्यात झालं. रिसेप्शनला मी आधी स्टेजवर पोहोचलो. तिथल्या एका खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं. मी ते उचललं, खिशात घातलं आणि ऐसपैस बसलो.

ती नवरीची खुर्ची होती.